लेक कनू क्लबबरोबर डार्ट नदीवर निघालीये. हे नक्की असतं काय?

कृष्णाकाठची
गुरुवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. पाककृती सोडून मी इथे कधी धागा काढलेला नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटी लेक सप्टेंबरात दक्षिण इंग्लंडात एमएस्सीला गेली. तिथे युनिव्हर्सिटीत ढीगभर क्लब असतात. मला वाटलं ही बॅडमिंटन घेईल, नाहीतर फोटोग्राफी. हिने घेतला कनू क्लब, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होड्यांचा. सहा आठवडे तरणतलावात उलटंपालटं होऊन झालं. आता या शनिवार-रविवारी सगळे डेव्हनला निघालेत. शनिवारी डार्ट नावाच्या नदीत कयाक, रविवारी बँथमच्या किनाऱ्यावर लाटांमध्ये. नोव्हेंबरात! मिनीबस चालवणारी मुलं हिच्याच वयाची, मुक्काम कुठल्याशा गावच्या हॉलमध्ये, जमिनीवर. "बरोबर सर कोण आहेत?" विचारलं तर खो खो हसली.

मी सांगलीची, पाण्याला भिणारी नाही. पाठीला डबा बांधून वडिलांनी कृष्णेत ढकललं तेव्हा मी सात वर्षांची होते. पण २०१९चा ऑगस्टही मी पाहिलाय. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा आम्ही नणंदेकडे दुसऱ्या मजल्यावर बसून होतो आणि आमच्या घरात पाणी होतं. तेव्हापासून 'बोट' म्हटलं की पोटात गोळा येतो.

जाऊ नको म्हणायचं वय तिचं राहिलं नाही आणि माझंही. फक्त हे असतं काय ते कोणी नीट सांगेल का? ती "आई, सेफ असतं गं" यापलीकडे जात नाही.

शंकेखोर
गुरुवार, रात्री १०.३१

आत्ताच शोधलं. डार्ट नदी दरवर्षी एक बळी घेते अशी तिकडची जुनी म्हण आहे म्हणे. शुभेच्छा.

मीठभाकर
गुरुवार, रात्री १०.३८

शंकेखोर, धागा एका आईने काढलाय, जरा तरी भान ठेवा. आणि अशी म्हण कुठल्या नदीची नाही? आमच्या गावच्या डोहात साती आसरा आहेत. बायका अजून ओटी भरून येतात आणि पोरं त्याच डोहात मुटके मारतात.

ब्रिस्टलकर
गुरुवार, रात्री ११.४०

ताई, मी इथल्याच एका युनिव्हर्सिटीच्या कनू क्लबात तीन वर्षं होतो, शेवटच्या वर्षी इक्विपमेंट सेक्रेटरी. पद भारी वाटतं, काम ओले वेटसूट झटकून वाळत घालायचं. डार्टवर दर हिवाळ्यात तीन-चार फेऱ्या व्हायच्या. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी नोव्हेंबर का ते. डार्ट उगवते डार्टमूरच्या माळावर. खाली ग्रॅनाइट, वर पीटची काळी माती. पाऊस पडला की काही तासांत नदी चढते आणि थांबला की तशीच झरझर उतरते. कोरड्या दिवसांत नुसते दगड. शिवाय इंग्लंडात वाटेल त्या नदीत बोट घालायला मुभा नाही, त्यावरून बोटवाले एकीकडे आणि जमीनमालक, मासे धरणारे दुसरीकडे असं जुनं भांडण आहे. (स्कॉटलंडने २००३मध्ये कायदा करून ते मिटवलं, इंग्लंडात अजून धुमसतंय.) डार्टवर समजुतीने १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असा हंगाम ठरलेला. म्हणून नवीन वर्षाची पोरं क्लबात आली रे आली की त्यांना घेऊन सगळे ऐन थंडीत तिथे धडकतात.

डार्टचेही भाग आहेत. डार्टमीटपासून न्यूब्रिजपर्यंत 'अपर', तो चौथ्या श्रेणीचा. श्रेण्या एक ते सहा असतात, सहावी म्हणजे जिवावरचा खेळ. नवख्यांना अपरवर कोणी नेत नाही. न्यूब्रिजच्या जुन्या दगडी पुलापासून खाली 'लूप', दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा. नदी मोठा वळसा घालते म्हणून लूप, रस्त्याने तेच अंतर अगदी थोडं. तुमची लेक तिथेच जाणार. न्यूब्रिजपाशी पाण्यालगत खडकाच्या पायऱ्या आहेत. त्यातल्या किती उघड्या दिसतात ते मोजायचं आणि मग ठरवायचं, उतरायचं की नाही. पायऱ्या बुडाल्या असतील तर नवख्यांना गाडीतच बसवतात.

आता पोरं पोरांना काय शिकवतात? बोट पुढे न्यायला नंतर शिकवतात, आधी उलटायला. तरणतलावात सहा आठवडे तेच चाललं असणार. कमरेला एक रबरी पडदा घालतात, घागऱ्यासारखा, त्याला स्प्रेडेक म्हणतात. तो बोटीच्या तोंडावर ताणून बसवला की पाणी आत येत नाही. बोट उलटली, डोकं पाण्याखाली गेलं की पुढे वाकायचं, पडद्याची पट्टी चाचपायची, ओढायची, मांड्या सोडवायच्या, बाहेर. हे डोळे मिटून येईपर्यंत नदी दाखवत नाहीत. पाण्याखाली तीन सेकंद शांत राहता येणं ही एवढी एकच गोष्ट मी त्या क्लबात धड शिकलो.

सर कोणी नसतात हे खरं. पण दोन-तीन वर्षं मुरलेली मुलं असतात, त्यातल्या काहींनी नदीतल्या बचावाचा दोन दिवसांचा कोर्स केलेला असतो. दर चार-पाच नवख्यांमागे दोन जाणते, एक पुढे, एक मागे. प्रत्येक जाणत्याकडे पिशवीत भरलेला फेकदोर.

मिनीबसचं म्हणाल तर खरं सांगू? मला नदीपेक्षा शुक्रवार रात्रीचा हायवे जास्त भीतीचा वाटायचा. सोळा सीटपर्यंतची मिनीबस अशी हौशी कामाला चालवायची तर वय २१ पुरं आणि परवान्याला २ वर्षं झालेली लागतात. गाडी कोण चालवणार, परतीला दुसरा चालक आहे का, एवढं तिला विचारा. बाकी प्रश्नांनी पोरी चिडतात.

अनुस्वार
शुक्रवार, सकाळी ७.५५

कनू क्लब आणि बोटी कयाक, हा काय घोळ? माझ्या माहितीप्रमाणे कनूत गुडघ्यावर बसून एका पात्याचं वल्हं मारतात, कयाकमध्ये पाय पसरून दोन पात्यांचं.

ब्रिस्टलकर
शुक्रवार, सकाळी १०.०२

बरोबर. पण ब्रिटिशांनी सुरुवातीपासून दोन्हींना कनूच म्हटलं. जॉन मॅकग्रेगर नावाच्या वकिलाने १८६५मध्ये दोन पात्यांचं वल्हं घेऊन युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या, बोट खरं तर कयाकच्या वळणाची, म्हणायचा मात्र कनू. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याने कनू क्लब काढला. ते नाव चिकटलं ते चिकटलं. आमच्या शेडमध्ये चाळीसेक कयाक होत्या आणि खरी कनू एकच, तीही भोक पडलेली.

अनुस्वार
शुक्रवार, सकाळी १०.२०

धन्यवाद. 'कनू' कॅरिबियन बेटांवरून स्पॅनिशमार्गे आला आणि 'कयाक' आर्क्टिकातल्या इनुइटांचा, एवढी भर घालतो. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बनवायचे. त्या पाण्यात पडला तो मेलाच, म्हणून बाहेर न येता बोटीसकट परत सुलटं व्हायची युक्ती त्यांनीच काढली.

शंकेखोर
शुक्रवार, दुपारी १२.४५

इतिहास छान. पण १९९३ची लाइम बे दुर्घटना कोणी सांगत नाहीये. २२ मार्च. शाळकरी मुलं समुद्रात कयाक घेऊन गेली, वाऱ्याने भरकटली, चौघं गेली. तेही डेव्हनच्या लगतच. मी घाबरवत नाही, माहिती देतोय.

ब्रिस्टलकर
शुक्रवार, दुपारी २.३०

तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, क्लबात आम्हालाही पहिल्याच महिन्यात ही गोष्ट सांगायचे. समुद्र होता, मार्च होता, सोबतच्या शिक्षकांना अनुभव पुरेसा नव्हता आणि मुलं परतली नाहीत हे किनाऱ्यावरून कळवायला उशीर झाला. त्यानंतर १९९५मध्ये कायदा आला, असे उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना लागू लागला.

शंकेखोर
शुक्रवार, दुपारी २.४१

तो कायदा १८ वर्षांखालच्या मुलांना नेणाऱ्या केंद्रांसाठी. युनिव्हर्सिटीच्या क्लबाला लागू नाही. पाहिलं मी.

ब्रिस्टलकर
शुक्रवार, दुपारी ३.०५

मान्य, लागू नाही. क्लब चालतो तो विद्यार्थी युनियनच्या नियमांवर आणि पोरांच्या शहाणपणावर. आमच्या वेळी एकदा पाणी जास्त होतं तरी एकाला उतरायचंच होतं, तर क्लबच्या अध्यक्ष मुलीने गाडीची किल्ली खिशात घातली आणि सगळ्यांना क्रीम टी खायला नेलं. अख्खा शनिवार वाया. पैसे परत मिळाले नाहीत, शिव्या मात्र तिला सोमवारपर्यंत मिळाल्या. अशी कोणी तिकडे आहे का ते ताईंच्या लेकीने पाहायचं.

कुंडलिकाकाठ
शुक्रवार, दुपारी ४.१८

ताई, मी कोलाडला राफ्टवर गाइड आहे. आमच्याकडे नदी पावसावर नाही, वीजघरावर चालते. मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याला टाटांच्या वीजघरात येतं, तिथून कुंडलिकेत. सकाळी पाणी सुटलं की आम्ही निघतो, नाही सुटलं तर चहा पीत बसतो. मजा म्हणजे मुळा-भीमा करत कृष्णेला जायचं ते पाणी इकडे अरबी समुद्राला जातं, म्हणजे तुमच्याच खोऱ्यातलं.

पाण्यात पडलं तर काय, ते लेकीला माहीत असेलच, तुम्हाला सांगतो. पाठीवर पडायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, पायाची बोटं पाण्यावर. उभं राहायचं नाही. पाणी कमरेएवढं दिसतं म्हणून माणूस पाय टेकतो, पाय दोन दगडांत अडकतो आणि मागचं पाणी त्याला पालथं घालतं. आमच्याकडे येणारे हमखास हेच करतात. दहा वेळा ओरडून सांगावं लागतं, "उभं राहू नका, झोपा!"

कृष्णाकाठची
शुक्रवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. त्या पायऱ्यांचं वाचलं आणि जीव जरा थाऱ्यावर आला. म्हणजे आमचा कृष्णेवरचा आयर्विन पूलच की! चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोर सांगेल. पाणी मोजून मग उतरणारी माणसं असतील तर बरं आहे.

चालकांचं विचारलं. दोघं आहेत, मधे एकदा बदलणार. आणखी एक प्रश्न विचारला तर फोन ठेवला.

मालवणी_पेज
शुक्रवार, रात्री १०.५०

भियां नको गो बाय. चेडू पाण्यात गेलां तर काय बिघाडलां?

आता रविवारच्या समुद्राचं. नदीपेक्षा मला ते जास्त कळतं, घरात तीन पिढ्या रापण ओढणाऱ्यांच्या. लाटा फुटतात तिथे धोका कमी, कारण लाट किनाऱ्याकडेच ढकलते. दोन फुटत्या लाटांच्या पट्ट्यांमध्ये जी शांत, गुळगुळीत वाट दिसते ना, ती वाईट. किनाऱ्याला आलेलं सगळं पाणी तिथून परत आत जात असतं. पर्यटक नेमके तिथेच उतरतात, लाटा नाहीत म्हणून. सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, आडवं जावं, फुटत्या लाटा लागल्या की त्या आणून सोडतात. बँथम मी पाहिलेलं नाही, पण नकाशावर किनाऱ्याच्या टोकाला नदी मिळताना दिसते. ओहोटीला त्या मुखाकडे पाणी जोरात ओढणार, मग ते मालवण असो नाहीतर इंग्लंड.

ब्रिस्टलकर
शुक्रवार, रात्री ११.३०

अगदी हेच. तिथे ती एव्हन नावाची नदी आहे आणि ओहोटीला तिच्या मुखापासून लांब राहा, असंच बजावतात. जीवरक्षक उन्हाळ्यात असतात, नोव्हेंबरात नाहीत. पण गंमत सांगतो, या दिवसांत समुद्र नदीपेक्षा उबदार असतो. समुद्र सावकाश थंड होतो, अजून तेरा-चौदा अंश असेल, नदी दहाच्या खाली.

बिनपाटीचा_डॉक्टर
शनिवार, सकाळी ८.४०

उशिरा आलो. बुडण्याचं इतरांनी सांगितलं, मी लेप्टोच्या तापाचं सांगतो. कोकणात भाताच्या खाचरांत आणि मुंबईत पुराच्या पाण्यात जो होतो तोच. उंदरांच्या लघवीतून गोड्या पाण्यात येतो, इंग्लंडातल्या नद्याही सुटलेल्या नाहीत. हातापायांवर ओरखडे असतील तर चिकटपट्टी लावून मगच उतरावं, नदीचं पाणी तोंडात गेलं तर थुंकावं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरला आपणहून सांगावं, "मी नदीत होते." नाहीतर तो फ्लू समजून घरी पाठवेल.

कृष्णाकाठची
शनिवार, रात्री १०.०५

तिकडे साडेचार वाजून गेले, अंधार पडला असेल. फोन लागत नाही. दुपारी मेसेज टाकलाय, एकच टिक.

मीठभाकर
शनिवार, रात्री १०.११

दरीत रेंज नसेल हो. जेवलात का तुम्ही?

कृष्णाकाठची
शनिवार, रात्री ११.५२

फोटो आला! मजकूर काही नाही, नुसता फोटो. डोक्यावर लाल हेल्मेट, ओठ जांभळे, आणि उजवा हात डोक्यावर ठेवलाय, असा थापटल्यासारखा. हे काय? डोक्याला लागलं का?

ब्रिस्टलकर
शनिवार, रात्री ११.५६

नाही ताई! नदीच्या गोंगाटात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून ती खूण असते. हाताचा पंजा डोक्यावर म्हणजे "मी ठीक आहे".

कृष्णाकाठची
रविवार, रात्री १२.०३

बरं. झोपते.

कृष्णाकाठची
मंगळवार, रात्री ८.२०

(आईच्या आयडीवरून तिची लेक लिहितेय. आईने लिंक पाठवली आणि "सगळ्यांना उत्तर दे" असं बजावलं. माझ्यावर एवढा धागा झालाय हे वाचून मला आधी लाज वाटली, मग एका दमात सगळं वाचलं. मराठी टाइप करायची सवय गेलीये, समजून घ्या.)

शनिवार सकाळ. हॉलच्या बाहेर दोरीवर रात्रभर लटकलेला वेटसूट सकाळी आठला घालायचा. पावसाळ्यात न वाळलेली जीन्स आठवा, ती फ्रिजमध्ये ठेवून घातली असं समजा. न्यूब्रिजला पोचल्यावर खरंच चार जण पुलाखाली जाऊन पायऱ्या मोजत बसले. आम्ही नऊ नवखे गाडीपाशी उड्या मारत होतो. "चालेल" म्हणाले. मग अर्धा तास दोन गाड्या खाली होन ब्रिजपाशी सोडून यायला गेला, नाहीतर संपल्यावर ओल्या अंगाने परत चालत यायचं. नदीवर जितका वेळ गेला त्याच्या दुप्पट वेळ बोटी बांधण्यात, सोडण्यात आणि कुणाचातरी हरवलेला बूट शोधण्यात गेला, हे कोणीच सांगत नाही.

पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. मला वाटलं गढूळ आहे, पण हातात घेतलं तर स्वच्छ. पीटमुळे रंग येतो.

नदीत काय करायचं असतं ते आईला फोनवर सांगता आलं नाही, इथे बघते. मोठ्या दगडाच्या मागे पाणी शांत असतं, किंबहुना थोडं उलटं वाहतं. त्याला एडी म्हणतात. ते आमचे बसस्टॉप. एका दगडाआडून दुसऱ्या दगडाआड असं करत नदी उतरायची, एकदम सुसाट नाही. गोची होते ती दगडाआडून बाहेर पडताना. शांत पाण्यातून बोटीचं नाक जोरात वाहणाऱ्या पाण्यात जातं आणि बोट गर्रकन वळते. त्या क्षणी बोट प्रवाह जातोय त्या बाजूला कलती करायची, सायकल वळवताना आत झुकतो तशी. पण भीती वाटली की अंग आपोआप उलट बाजूला, म्हणजे येणाऱ्या पाण्याकडे, झुकतं. मग ते पाणी बोटीच्या काठावर चढतं आणि एका सेकंदात तुम्ही खाली.

'वॉशिंग मशीन' नावाच्या उतारावर मी काहीही न करता तरले. 'लव्हर्स लीप'ला नदी सरळ कड्यावर जाऊन आपटते आणि वळते, तिथेही निभावलं. त्यानंतर एका अगदी फालतू, बिननावाच्या दगडाआडून निघताना मी उलट झुकले.

पाण्याखाली पहिली गोष्ट म्हणजे आवाज बंद. इतका वेळ नदीचा खळखळाट कानात होता, तो एकदम गेला आणि कपाळात थंडीची कळ आली, बर्फाचा गोळा भराभर खाल्ल्यावर येते तशी. तरणतलावात शिकवल्याप्रमाणे बोटीच्या बुडावर दोन्ही हातांनी थाप मारली. म्हणजे कोणीतरी आपल्या बोटीचं टोक आणून देईल आणि त्याला धरून सुलटं होता येईल. मनात पाच मोजले, कोणी आलं नाही. (माझा मागचा जाणता त्या वेळी दुसऱ्या एकाला वाचवत होता.) मग पट्टी ओढली आणि बाहेर आले. पाठीवर पडले, पाय वर. कुंडलिकाकाठ काका, नाही उभी राहिले! पाणी कमरेएवढंच होतं, खूप मोह झाला होता.

काठावरून दोर आला. तो मनगटाला गुंडाळायचा नाही, छातीशी धरून खांद्यावरून घ्यायचा आणि दोराकडे पाठ करून पडून राहायचं, म्हणजे तोंडावर पाणी येत नाही. ओढणारी मुलगी माझ्यापेक्षा किडकिडीत होती, झाडाच्या मुळाला पाय लावून बसली होती. काठावर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं माहितीये? "पॅडल कुठाय?" पॅडल गेलं होतं खाली वाहत. त्या पॅडलमागे तिघं पळाले. माझ्यामागे एकच.

'ट्रिपल फॉल्स' मी काठाने चालत गेले, कोणी हसलं नाही. शेवटचा 'स्पिन ड्रायर' मात्र केला. त्या भोवऱ्यात दोन चकरा खाल्ल्या आणि बाहेर पडले.

रात्री रिवाज असतो. जो पोहला, म्हणजे उलटून बोटीबाहेर पडला, त्याने आपल्या ओल्या नदीबुटातून प्यायचं. शनिवारी आम्ही पाच जण पोहलो. माझ्या बुटात काय ओतलं होतं ते आईला सांगितलंय, इथे सांगणार नाही. डॉक्टरकाका, तुमची पोस्ट मी रविवारी वाचली. उशीर झाला होता.

रविवार. बँथमला पोचलो तर समोर बर्ग आयलंड, भरतीला बेट होतं, ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. तिथल्या हॉटेलच्या पाहुण्यांना भरतीत न्यायला उंच पायांचा एक ट्रॅक्टर आहे, तो समुद्रातून चालतो. मी लाटा सोडून तोच बघत बसले होते.

लाटांमध्ये कयाक म्हणजे पुन्हा तोच घोळ. लाट मागून येते, बोट आडवी होते, आणि फुटणारी लाट तुमच्या बाजूला भिंतीसारखी उभी. अंग म्हणतं किनाऱ्याकडे झुक. झुकलात की गेलात, लाट तुम्हाला गुंडाळते. लाटेच्या अंगावर झुकायचं, पॅडल तिच्यावर टेकवायचं आणि तशीच आडवी वाळूपर्यंत घसरत यायचं. सात वेळा पडले, आठव्यांदा जमलं. तोंडात मीठ, नाकात वाळू. सर्फिंगच्या फळीवाल्यांपासून लांब ठेवतात आम्हाला. आमची बोट म्हणजे मोकाट सुटलेला प्लॅस्टिकचा ओंडका, कोणाच्या बरगडीवर बसली तर संपलं. तरी एकाने लांबून शिव्या घातल्याच, आणि त्याचं बरोबर होतं. मालवणी_पेज, ती गुळगुळीत वाट मला दिसली. आमच्या अध्यक्षाने वाळूवर टाचेने रेघ मारून दिली होती, हिच्या उजवीकडे जायचं नाही. तीनला सगळ्यांना बाहेर काढलं. मी अजून दोन लाटा मागितल्या, मिळाल्या नाहीत.

शंकेखोर
मंगळवार, रात्री ८.४४

छान लिहिलंस. एक शंका. तुझा जाणता दुसऱ्याला वाचवत होता म्हणजे माणसं कमी पडली ना?

कृष्णाकाठची
मंगळवार, रात्री ९.०१

(लेकच) हो, पडली. गाडीत परत येताना त्यावर भांडण झालं. पुढच्या वेळी नवखे सहाच नेणार असं ठरलंय. म्हणजे तिघांना जागा मिळणार नाही आणि त्यात मी असू शकते. 

ब्रिस्टलकर
मंगळवार, रात्री ९.२५

पाच पोहणारे आणि एक पॅडल. आमच्या पहिल्या डार्टचा आकडा याहून वाईट होता. बूट धुऊन आत वर्तमानपत्र कोंबून ठेव, खोलीतल्या हीटरवर अजिबात ठेवू नको. अख्खा मजला रिकामा होईल.

मालवणी_पेज
मंगळवार, रात्री १०.१०

शाब्बास गो चेडवा. टाचेची रेघ आवडली.

कृष्णाकाठची
बुधवार, सकाळी ७.३०

आता मी, आई. तो बुटाचा प्रकार मला सांगितला होता त्यापेक्षा इथे कमीच लिहिलाय. असो.

ताप नाही, पोटऱ्या दुखत नाहीत, रोज विचारते. वाढदिवसाला सोन्याच्या कुड्या घेणार होते, तिला स्वतःचं हेल्मेट हवंय. क्लबच्या हेल्मेटला आधीच्या दहा डोक्यांचा वास येतो म्हणे.

कुंडलिकाकाठ, ती नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे येतेय. तुमच्याकडे पाणी सकाळी किती वाजता सुटतं आणि सांगलीहून आदल्या रात्री मुक्कामाला यावं लागेल का? दोन माणसं. एकीचे गुडघे दुखतात, पण पोहता येतं.